डेंग्यू ‘तिप्पट’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

गणपतीला महिना राहिला की आमच्या वाडीत घरांना रंग लागायला सुरुवात होते आणि बरोबर त्याच सुमारास ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, ‘तालुक्यात डेंग्यूचे रुग्ण तिप्पट!!!’ आणि खाली लाल दिव्यांची रांग. यंदा तो आला त्या दिवशी संध्याकाळी शेजारची काकी आमच्या पडवीत येऊन बसली. मासे विकून आलेली, हातात मोबाईल तसाच. म्हणाली, “बाई, डेंगी तिप्पट झाली म्हणतत, खरा काय ता? झील नि सून येतली गणपतीक, वांगडा ल्हान पोर हा. येव नकात म्हणान सांगू काय?” म्हणजे मुलगा-सून लहान मुलाला घेऊन मुंबईहून गणपतीला येणार, त्यांना येऊ नका म्हणून सांगू का.

मी सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात हायस्कूलात गणित शिकवते, डॉक्टर नाही. पण २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्हा शिक्षकांनाही आशाताईंबरोबर घरोघर फिरावं लागलं होतं, त्यामुळे आजाराचा आकडा कुठून येतो, कोण लिहितं, कुठे गळतो हे जवळून बघितलंय. आणि तेव्हापासून मला मनापासून वाटतं की ‘वाढले की कमी झाले’ हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही, त्यातली अर्धी गोष्ट आकड्यात नसतेच, तुलना कशाशी केली त्यात असते. काकीला त्या संध्याकाळी मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

मेसेजमधले खरे आकडे मी टाकत नाही, कारण एवढ्याशा गावात आकडा आणि वाडी सांगितली की माणूस ओळखू येतो. हिशोबासाठी समजा की गेल्या आठवड्यात तालुक्यात ४ रुग्ण होते आणि या आठवड्यात १२ झाले.

रुग्णसंख्या म्हणजे जाळ्यात आलेली मासळी

काकीला पहिली गोष्ट सांगितली ती तिच्याच धंद्यातली. बंदरावर आज बांगड्याच्या किती टोपल्या उतरल्या यावरून समुद्रात बांगडा किती आहे ते कळतं का? नाही कळत. किती होड्या गेल्या, किती वेळ जाळं टाकून होत्या, कुठल्या बाजूला गेल्या हे माहीत नसेल तर टोपल्यांचा आकडा अर्धवट. वारा सुटला म्हणून दोनच होड्या गेल्या आणि मासळी कमी आली तर ‘बांगडा संपला’ असं कोणी म्हणत नाही.

आजाराचंही तसंच आहे. गावात डेंग्यूचा डास चावून आजारी पडलेली माणसं किती हा एक आकडा आणि सरकारी कागदावर आलेले रुग्ण किती हा दुसरा, आणि दोघांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. ताप आला तरी लावणीच्या दिवसात माणूस घरीच गोळी घेऊन पडतो. दवाखान्यात गेला तरी प्रत्येकाचं रक्त तपासायला जातंच असं नाही. गेलं तरी दिवस चुकतो, म्हणजे तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसात एनएस-वन नावाची चाचणी उपयोगाची, त्यानंतर रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते, भलत्या दिवशी भलती चाचणी केली तर डेंग्यू असून निगेटिव्ह येऊ शकतं. वर आणखी एक, सरकारी नोंदीत एलायझा नावाच्या, प्रयोगशाळेतल्या पद्धतीने तपासलेलाच डेंग्यू पक्का धरतात, खासगी लॅबमधल्या झटपट कार्डावर आलेला ‘संशयित’ म्हणून राहतो. त्यामुळे गावात दहा जण ‘माका डेंगी झालेली’ म्हणत असतात आणि यादीत दोनच नावं असतात, यात कोणी लपवाछपवी केलेली असतेच असं नाही.

म्हणून ४ चे १२ झाले हे ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, तपासलं किती जणांना?

हा प्रश्न नवीन नाही, मलेरियावाल्यांनी तो केव्हाच सोडवून ठेवलाय. आमच्या लहानपणी आरोग्यसेवक घरोघर यायचा, कोणाला ताप आहे का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचा. त्या खात्यात दोन आकडे जोडीने बघतात. एक, वर्षभरात दर हजार माणसांमागे मलेरियाचे रुग्ण किती सापडले, त्याला एपीआय म्हणतात. दुसरा, वर्षभरात शंभरातल्या किती माणसांचं रक्त तपासलं, तो एबीईआर, आणि तो निदान १० तरी असावा असा नियम. समजा २००० वस्तीच्या गावात दोन रुग्ण सापडले, एपीआय आला १. आता रक्त २०० जणांचं तपासलं असेल तर त्या १ ला अर्थ आहे. ४० जणांचंच तपासलं असेल तर तो १ म्हणजे दोन होड्यांनी आणलेली मासळी. मला ही जोडी फार आवडते, कारण त्यात आपण किती शोधलं याचा हिशोब आधी द्यावा लागतो.

आणि शोधणं थांबलं की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण क्षयरोगाचं आहे. २०१९ साली देशात टीबीच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली तो आकडा १८ लाखांवर आला, सरळ पाव भाग कमी. टीबी पाव भागाने हटला का? लॉकडाऊन होता, दवाखाने कोविडमध्ये अडकले होते, लोक घराबाहेर पडायला घाबरत होते. जे सहा लाख कमी दिसले ते बहुतेक खोकत घरी बसले होते. टीबीत आकडा वाढला तर पुष्कळदा ती बरी बातमी असते, कारण सापडलेल्या माणसाला औषध सुरू होतं, आणि ‘रुग्ण घटले’ ही बातमी वाचून पोटात गोळा यायला हवा असेही प्रसंग असतात.

मग शंभरात किती पॉझिटिव्ह ते बघितलं की झालं ना?

कोविडमध्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्या दर शंभरातले किती बाधित निघाले. जून २०२१ मध्ये आपल्या राज्यात जिल्हे उघडायचे की बंद ठेवायचे त्याचे पाच स्तर केले होते, ते याच आकड्यावर आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात त्यावर. नुसत्या रुग्णसंख्येपेक्षा हे नक्कीच बरं. पण हासुद्धा फसवतो, आणि तो कसा फसवतो हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या उदाहरणात समजा गेल्या आठवड्यात २० जणांना तपासलं त्यात ४ निघाले आणि या आठवड्यात ६० जणांना तपासलं त्यात १२. दोन्ही वेळा पॉझिटिव्हिटी २० टक्के. झटकन वाटतं, अरे काहीच वाढलं नाही, तपासण्या तिप्पट केल्या म्हणून रुग्ण तिप्पट दिसले. शाळेत मुलंही हेच उत्तर देतात आणि मग मी विचारते, तपासण्या तिप्पट का केल्या?

इथे परत बंदरावर या. मासळी तिप्पट आली, होड्याही तिप्पट गेल्या होत्या. पण होड्या तिप्पट का गेल्या? सरकारने डिझेल स्वस्त केलं म्हणून गेल्या असतील तर समुद्रातली मासळी आहे तेवढीच आहे. पण कोणीतरी फोन करून सांगितलं की बांगडा आलाय, म्हणून सगळे धावले असतील तर? मग मासळी खरोखरच वाढलीय आणि होड्यांचा आकडाच त्याची बातमी देतोय!

तपासणीचं शिबिर लागलं म्हणून ६० झाले ही एक गोष्ट, आणि तापाने फणफणलेली माणसं ओपीडीत तिप्पट आली म्हणून ६० झाले ही अगदी वेगळी गोष्ट, पॉझिटिव्हिटी दोन्हीकडे २०च. फरक ओळखायचा तर प्रयोगशाळेच्या मागे जाऊन नुसत्या तापाचे रुग्ण किती आले ते बघावं लागतं. आपल्याकडे त्याची सोय आहे. २००४ साली देशात साथरोगांवर लक्ष ठेवायची व्यवस्था सुरू झाली त्यात तीन फॉर्म होते, एस, पी आणि एल. एस मध्ये आरोग्यसेवक नुसती लक्षणं लिहिणार, ताप किती, जुलाब किती. पी मध्ये डॉक्टरला काय वाटतं ते. एल मध्ये लॅबने काय पक्कं केलं ते. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं पण विभागणी तीच. बातमी कायम एल ची होते, कारण तिथे आजाराचं नाव असतं. मला विचाराल तर इशारा आधी एस देतो, तो वाढला की समजायचं काहीतरी शिजतंय, नाव मागून कळेल.

जाता जाता एक, पॉझिटिव्हिटी ५ वरून १० झाली तर कोणी लिहितं ‘५ टक्क्यांनी वाढली’ आणि कोणी लिहितं ‘१०० टक्क्यांनी वाढली’, दोघांनाही म्हणायचंय एकच. आधी किती होती आणि आता किती आहे हे दोन्ही आकडे दिले नसतील तर असल्या वाक्यावरून काहीच ठरवू नका.

गेल्या आठवड्याशी तुलना करावी की गेल्या वर्षाशी?

जून-जुलैत मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्यावर कोणी ‘जुलैच्या तुलनेत मासळीत प्रचंड वाढ’ असं छापलं तर काकी तो पेपर मासे गुंडाळायलाच घेईल. पण ‘जूनच्या तुलनेत ऑगस्टमध्ये डेंग्यू वाढला’ हे आपण दरवर्षी गंभीरपणे वाचतो. पाऊस पडला, उघडीप मिळाली, करवंटीत, टायरात, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी साचलं की आठ-दहा दिवसात अंड्याचा डास होतो, तो चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यू वर जाणं हे त्याचं नेहमीचं वेळापत्रक आहे. प्रश्न असा की यंदा नेहमीपेक्षा जास्त वर गेला का?

पावसाच्या बाबतीत आपल्याला हे आपोआप कळतं. ‘आज शंभर मिलिमीटर पडला’ म्हटलं की आपण विचारतो, जुलैत ना? मग काय त्यात, जुलै आहे. तोच मार्चमध्ये पडला तर आंबेवाल्याच्या छातीत धस्स होतं. आजाराच्याही खात्यात असंच करतात, गेल्या पाच वर्षात याच आठवड्यात किती रुग्ण होते ते काढायचं, त्याची सरासरी आणि ती नेहमी किती वरखाली होते ते बघायचं, आणि त्या नेहमीच्या मर्यादेच्या बाहेर आकडा गेला तरच साथीची घंटा वाजवायची.

ही पद्धत मला सगळ्यात समजूतदार वाटते पण तिच्यातही खड्डे आहेत. पाच वर्षातल्या एका वर्षी मोठी साथ आली असेल तर सरासरी फुगते आणि पुढच्या साथी तिच्याखाली लपतात, म्हणून काही जण सरासरीऐवजी पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतात. उलट २०२० सारखं वर्ष घेतलं, जेव्हा कोविडमुळे बाकीच्या तपासण्या कमी झाल्या, तर पुढचं प्रत्येक वर्ष भयंकर वाटतं. आणि आपल्या कोकणाचा खास खड्डा म्हणजे गणपती. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, २०२६ ला १४ सप्टेंबरला. म्हणजे ‘सप्टेंबरचा पहिला आठवडा’ एका वर्षी गावं माणसांनी भरलेली, दुसऱ्या वर्षी विसर्जन होत आलेलं आणि तिसऱ्या वर्षी चाकरमानी अजून मुंबईतच. तारखेला तारीख लावून तुलना केली तर आपण डेंग्यूची तुलना करतोय की रेल्वेच्या गर्दीची ते कळणार नाही.

४ चे १२ हा आकडाच मुळात केवढा

आता माझ्या विषयाची गोष्ट. सातवीच्या वर्गात मी जमिनीवर खडूने दहा चौकोन आखते आणि एका मुलाला डोळे मिटून वीस चिंचोके टाकायला सांगते. हिशोबाने प्रत्येक चौकोनात दोन यायला हवेत. कधीच येत नाहीत. एखाद्यात पाच पडतात, एखाद्यात एकही नाही, आणि मुलं लगेच कारणं शोधायला लागतात की बाई, तिकडे उतार आहे, याने त्या बाजूलाच फेकले. काही नसतं, चिंचोके असेच पडतात.

छोट्या आकड्यांची ही सवय आहे. ज्या तालुक्यात आठवड्याला सरासरी ४ रुग्ण असतात तिथे काहीही बदललं नाही तरी कधी १ येईल, कधी ९. सरासरी १०० असेल तिथे तो साधारण ८० ते १२० मध्ये राहील. म्हणजे १०० चे ३०० झाले तर नक्की काहीतरी घडलंय, ४ चे १२ झाले तर कदाचित घडलंय. किती कदाचित? दोन आठवड्यांचे मिळून रुग्ण १६, त्यातला प्रत्येक जण या आठवड्यात पडला की गेल्या हे नाण्याने ठरलं समजा. नाणं १६ वेळा उडवा. एकाच बाजूला १२ किंवा जास्त वेळा पडणं हे साधारण तेरा खेळात एकदा होतं. अगदीच दुर्मिळ नाही. आणि आपल्या सिंधुदुर्गात तालुके ८ आहेत, आठवडे वर्षाला ५२, एवढ्या वेळा नाणी उडवल्यावर कुठे ना कुठे दर महिना-दोन महिन्यात ‘तिप्पट’ होणारच, आणि बातमी त्याच तालुक्याची होते, जिथे १२ चे ४ झाले तिकडे कोणी कॅमेरा घेऊन जात नाही.

डेंग्यू चिंचोक्यासारखा सुटा सुटा पडत नाही हेही खरं. एकाच घरातल्या पिंपात डास झाले तर त्या घरातले चौघं एकदम पडतात, म्हणून त्याचे आकडे आणखी उड्या मारतात. अशा वेळी टक्केवारीपेक्षा जागा विचारावी. १२ जण बारा गावातले आहेत की नऊ जण एकाच वाडीतले? नऊ एका वाडीत असतील तर तालुक्याची सरासरी गेली खड्ड्यात, त्या वाडीत उद्या सकाळी जाऊन पाणी बघायला हवं.

आणि जिथे एकच रुग्ण पुरतो

आमच्याच जिल्ह्यातल्या दोडामार्ग-बांदा भागातल्या लोकांना हे सांगायला नको. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात त्याने माणसं आजारी पाडली. जंगलातल्या गोचिडीतून येतो, थंडीत सुरू होतो आणि जोर धरतो नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा घरातली सगळी बागेत असतात. जिथे कालपर्यंत शून्य होतं तिथे एक झाला तर किती टक्के वाढ? शून्याने भागता येत नाही, टक्केवारी निघतच नाही, पण त्या एकाला शंभर टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त वजन आहे. तिथे तर माणसाच्याही आधी माकड मोजतात, रानात मेलेलं माकड दिसलं की कळवायचं, कारण इशारा तिथून सुरू होतो.

‘मुंबईत पाचशे, आपल्याकडे पन्नासच’ असं म्हणून चालेल का?

हे मी दर पावसाळ्यात ऐकते. समजा खरंच तसं आहे. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या जवळ, सिंधुदुर्गाची ८ लाख ४९ हजार. दर लाख माणसांमागे काढलं तर मुंबईत ४ आणि आपल्याकडे जवळजवळ ६, म्हणजे आपल्याकडे जास्त. मोठ्या आणि लहान जागेची तुलना करताना दर लाखामागे काढल्याशिवाय बोलूच नये.

पण खाली भागायला घेतलेली लोकसंख्या तरी खरी आहे का? २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आपण अजून २०११ च्याच आकड्याने भागतोय. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे असे जिल्हे की २००१ ते २०११ मध्ये तिथली लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. माणसं मुंबईला. आणि मग गणपतीत, मे महिन्यात तीच माणसं परत, एरवी सहा म्हातारी माणसं असलेल्या घरकुलात तीस जण झोपतात. आजारी पडला की तो वरच्या आकड्यात येतो पण खालच्या लोकसंख्येत तो नसतोच, त्यामुळे त्या पंधरा दिवसात आपला दर उगाच फुगतो. शिवाय चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याला डेंग्यूचा ताप चढला त्याला डास मुंबईतच चावलेला, नोंद मात्र इथल्या दवाखान्यात. गावात आजार पसरतोय का हे बघायचं असेल तर गेल्या दोन आठवड्यात गाव न सोडलेल्यांपैकी कोण आजारी पडलं तेवढंच मोजावं.

रोजचा आकडा, एकूण आकडा आणि शेवटचा आठवडा

एकूण आकडा, ‘वर्षभरात आतापर्यंत इतके’, तो कधी कमी होत नाही, तो रोज वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि समजण्यासारखंही फारसं नाही. रोजचा आकडा रविवारी पडतो कारण लॅब बंद, मंगळवारी उडी मारतो कारण साठलेलं सगळं एकदम येतं, म्हणून सात दिवसांची सरासरी घ्यायची. जून २०२१ मध्ये राज्याने कोविडचे आधीचे राहून गेलेले मृत्यू नोंदीत घेतले तेव्हा एका दिवसाचा आकडा बघून लोक हादरले होते, ती माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती. शक्य असेल तर रिपोर्टच्या तारखेऐवजी ताप सुरू झाला त्या तारखेने आलेख काढावा. तसा काढला की एक गंमत दिसते, शेवटचा आठवडा कायम उतरताना दिसतो, कारण त्या आठवड्यातल्या तापांचे रिपोर्ट अजून यायचेत. ‘साथ ओसरली’ म्हणणारे बरेच जण इथेच घसरतात.

लेप्टोत, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, तर हे अंतर आणखी लांब. पुराच्या किंवा शेतातल्या उंदराच्या मुताने खराब झालेल्या पाण्यात उतरल्यापासून ताप यायला बहुतेकदा पाच ते चौदा दिवस, कधी महिनाही. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली आणि लेप्टोची साथ ऑगस्टमध्ये आली. त्यामुळे पूर ओसरल्यावर चार दिवसांनी ‘एकही रुग्ण नाही’ हा आकडा खरा असतो आणि निरुपयोगी असतो. लेप्टोच्या मृत्यूंच्या टक्केवारीचंही जपून, साध्या तापावर निभावलेले शेतकरी तपासलेच जात नाहीत, गंभीर झालेलेच मोजले जातात, म्हणून दगावण्याचं प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

वेग बघायचा असेल तर टक्क्यांपेक्षा ‘दुप्पट व्हायला किती दिवस’ हे डोक्यात पटकन बसतं. रोज ७ टक्के वाढ म्हणजे दहा दिवसात दुप्पट, ७० ला टक्क्यांनी भागायचं. महिनाभर असंच चाललं तर आठपट, मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या खाटा पुरतील का हा हिशोब लगेच करता येतो.

म्हणजे आकडा पक्का होईपर्यंत गप्प बसायचं?

अजिबात नाही, आणि हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी एवढं सगळं सांगितलं की लोकांना वाटतं ही बाई म्हणतेय आकडे खोटे, काळजी करू नका. मी तसं म्हणत नाहीये. ज्या गोष्टीला खर्च नाही ती नुसत्या शंकेवर करावी. पिंप घासून कोरडं करायला, टायर उपडा घालायला, ४ चे १२ खरे की योगायोग याची वाट बघायची काहीच गरज नाही, १२ चे ४ झाले असते तरी ते करायचंच होतं. तीन दिवस ताप असेल तर दवाखान्यात जायलाही आलेख लागत नाही. पण जत्रा रद्द करणं, शाळा बंद ठेवणं, लेकराला आजीकडे येऊ न देणं, याची किंमत मोठी असते, तिथे आधी बघावं की आपण ज्या आकड्यावर ठरवतोय तो आपल्याच प्रश्नाचं उत्तर आहे का.

काकीच्या बाबतीत तो नव्हता. ‘तिप्पट’ ही तालुक्याची गेल्या आठवड्याशी तुलना होती. काकीला बघायचं होतं की नातवाला मुंबईतल्या खोलीत जेवढा धोका आहे त्यापेक्षा आपल्या घरात जास्त आहे का. डेंग्यू मुंबईतही आहेच. म्हणजे तुलना तिथलं घर आणि इथलं घर अशी हवी, आणि इथल्यात तालुका नको, आपली वाडी.

मी आरोग्यसेवकाला फोन लावला. आमच्या वाडीत आणि पलीकडच्या पाखाडीत गेल्या तीन आठवड्यात तापाचे किती, तपासले किती, त्यातले गाव न सोडलेले किती, एवढंच विचारलं. त्याने वही काढून सांगितलं, आणि हेही सांगितलं की या आठवड्याचे नमुने गेलेत पण रिपोर्ट सोमवारपर्यंत येतील, तोवर हे अपुरं समजा. काकीने शेजारी बसून सगळं ऐकलं. मग आम्ही दोघी उठून तिच्या परसात गेलो, माशांचं पाणी धरायच्या निळ्या पिंपात वाकून बॅटरी मारली तर आत वळवळत होत्या अळ्या. तिने काही न बोलता पिंप लाथेने आडवं केलं, काथ्याने आतून खसाखसा घासलं आणि झिलाला फोन लावला, “येवा, पण मच्छरदाणी घेवन येवा, पोर दिसाचापण तेच्यातच निजवचा.” दिवसाचीही मच्छरदाणी हे तिचं बरोबर होतं, हा डास मुख्यतः दिवसाच चावतो.

घरी निघताना पडवीच्या पायरीवर थांबून मला म्हणाली, “सोमवारी परत ईचारा हां बाई.”